आम्ही बंद केलेला तुरुंग

नाताळच्या आदल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "तुरुंगात फळं वाटायला कोण कोण येणार?" मी हात वर केला. त्यामागं फार मोठा विचार नव्हता. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, त्याच्या आधी नवरा गेला होता, आणि पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत दुपार सरता सरत नव्हती. जीपमधून बाहेरगावी जायचं, संध्याकाळी परत यायचं, एवढंच डोक्यात होतं.

"हर्सूलच्या मोठ्या तुरुंगात सगळेच जातात," पाळकसाहेब म्हणाले. "यंदा तालुक्याच्या तुरुंगात जाऊ. तिथं कुणी फिरकत नाही."

त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. शहरातून एसटीनं दीडेक तास लागतो. बाजार समिती, कापसाच्या गाड्या, तहसील कचेरी आणि कचेरीच्या मागच्या अंगाला तुरुंग. बाहेरून बघणाऱ्याला ते जुनं गोदाम वाटावं. जाड दगडी भिंती, वर पत्रा, मध्ये चिंचोळं अंगण आणि अंगणाच्या दोन बाजूंना दोन खोल्या. ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे कच्चे कैदी तिथं ठेवत. आम्ही गजांशी जाऊन उभे राहिलो तेव्हा आतली माणसं एकमेकांत इतकी मिसळून गेली होती की मला चेहरे वेगळे करता येईनात. काही बसले होते, बरेच उभे होते. मला वाटलं, पाहुणे आले म्हणून उभे राहिले असतील. नंतर कळलं, सगळ्यांना एकदम बसताच येत नसे.

आम्ही मोसंबी नेली होती. गजांतून हात बाहेर येत होते, फळ घेऊन आत जात होते. एक पोक्त माणूस मला म्हणाला, "बाई, एकच द्या. दुसरं ठिवायला जागा नाय." बाकीच्यांनीही मग एकेकच घेतलं. तिथंच सोललं, तिथंच खाल्लं आणि सालं आमच्याच पिशव्यांत परत टाकली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली.  येताना जीपमध्ये सालांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

नवीन वर्ष लागलं आणि एका रविवारी चर्चच्या फाटकाशी एक वयस्कर मुसलमान गृहस्थ येऊन थांबले. पांढरी दाढी, धुवट कुडता, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. कात्रणात आमचा फळं वाटतानाचा फोटो होता. शहागंजच्या पलीकडं त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता मुलगा बघत होता. पुढं आम्ही सगळेच त्यांना चाचा म्हणू लागलो.

"हे आत कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी गेले होते."

"बाई, मेरेकू एक बात बताओ. अंदर जागा कितनी है?"

मला वर्गाचंच माप कळतं. म्हटलं, "एकेक खोली चौथीच्या वर्गाएवढी. पण माझ्या वर्गात मुलं होती. तिथं त्याच्या दुप्पट मोठी माणसं."

ते चर्चच्या पायरीवर बसले. मीही बसले. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मशिदीत मयताला दफनाआधी अंघोळ घालायचं काम ते वर्षानुवर्षं करतात. त्याला गुसल म्हणतात. त्याचा पगार नसतो, पुण्य म्हणून करायचं. पावसाळा सरता सरता त्यांच्याकडं एका तरुण कैद्याचं प्रेत आलं होतं. त्याच तुरुंगातला, तापानं सरकारी दवाखान्यात गेलेला. मागंपुढं कुणी नव्हतं म्हणून मोहल्ल्यातल्या लोकांनी सगळं केलं.

"आमच्यात पहिले उजवी बाजू धुतात," चाचा म्हणाले. "मी पाणी घालायला गेलो तर उजव्या कुशीला चामडीच नाय. खांद्यापास्नं घोट्यापर्यंत नुसत्या जखमा. डावी बाजू चांगली. मला समजंना, असं कसं? मग त्याच्यासंगं राहिलेला एक जण जामिनावर सुटून कबरस्तानात आला. तो बोल्या, चाचा, तिथं सगळे एकाच कुशीवर झोपतात. एक वळला की सगळ्यांना वळावं लागतं. म्हणून कोणी वळत नाय."

 त्यांनी कात्रणाची घडी केली, खिशात ठेवली.

"मी त्याला हात लावलाय बाई. आता गप बसता येत नाय. आमचे लोक म्हणतात, तू एकटा बोलशील तर लोक म्हणतील आपल्यावाल्यासाठी बोलतो. म्हणून तुमच्याकडं आलो."

मी त्यांना माझ्या गल्लीतल्या ताईंकडं घेऊन गेले. ताई जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका होत्या, माझ्यासारख्याच निवृत्त, आणि विहारातली सगळी कामं अंगावर घेणाऱ्या. चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ताईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मागणी काय आपली? पंखे? चादरी? डॉक्टर?"

"ती जागा बंद करा," चाचा म्हणाले.

"बरोबर. पण नुसतं बंद करा म्हणून भागणार नाही. आतल्या माणसांचं काय? बारीकसारीक गुन्ह्यांत जे सडत पडलेत त्यांना आधी जामिनावर सोडा, मग जागा बंद करा. दोन्ही मागण्या एकत्र लिहायच्या."

आम्ही एकत्रच लिहिल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यात ही जामिनाची मागणी कुठं गेली ते कुणाला आठवेना.

तुरुंगात भेटीचा वार मंगळवार. दर मंगळवारी आम्ही सकाळच्या एसटीनं तालुक्याला जायला लागलो. सुरुवातीला आम्ही तिघंच. मग मशिदीतले चौघं-पाच जण, आमच्या महिला मंडळातल्या काही जणी, विहारातल्या बाया. तिथल्या मारुती मंदिराचे पुजारीही येऊन बसायचे. तहसीलच्या आवारातल्या निंबाखाली सतरंजी टाकून आम्ही बसत असू. घोषणा द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं. आधी थोडा वेळ ज्यानं त्यानं आपापली प्रार्थना मनात करायची, मग भेटीला आलेल्या नातेवाइकांशी बोलायचं, कुणाला वकील नाही, कुणाला जामीनदार नाही ते विचारायचं आणि दुपारी तहसीलदार साहेबांना निवेदन द्यायचं. तेच निवेदन, दर आठवड्याला.

कचेरीतला एक कारकून जाता-येता आम्हाला म्हणायचा, "काय बाई, एवढा कळवळा आहे तर घरी घेऊन जा की दोन-चार!" लोक हसायचे. ताई त्याला एकदा म्हणाल्या, "देता का? सही कुठं करू?" तेव्हापासून तो वाट वाकडी करून जायला लागला.

तिथंच मला मावशी भेटली. जवळच्या खेड्यातली, लोकांच्या रानात कापूस वेचणारी बाई. दर मंगळवारी मजुरीचा रोज बुडवून यायची. तिच्या मुलाला विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली म्हणून धरलं होतं. आत येऊन त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. जामीन मंजूर झालेला, पण त्याच्यासाठी उभा राहील असा जामीनदार गावात मिळेना. सातबारा असलेला माणूस चोरीच्या केसमध्ये कशाला नाव घालतो?

"चोरली का त्यानं?" मी एकदा विचारलं.

"मला काय ठावं बाई? मी का त्याच्यासंगं व्हते? लेकरू हाय माझं, एवढं ठावं."

भेटीची जागा म्हणजे भिंतीतली एक खिडकी, तिला दाट जाळी. मावशी जाळीच्या भोकातून करंगळी आत घालायची. आतून तो तेवढंच टोक धरायचा. बोलणं फार नसायचं. म्हैस गाभण आहे, चुलत्यानं बांध कोरला, शेजारची म्हातारी गेली, असलंच काहीतरी. पाच-दहा मिनिटांत शिपाई "चला मावशी" म्हणायचा. मग ती आमच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "दिसला बाई. बरा हाय."

आमच्या चर्चमध्ये मात्र सगळ्यांना हे पटत नव्हतं. काही जण तोंडावर म्हणाले, काही मागून. पण एका बाईचं बोलणं माझ्या मनातून कधीच गेलं नाही. आम्ही एकाच बाकावर बसत आलो होतो. तिच्या एकुलत्या एक मुलाला भांडणात भोसकलं होतं, तो वाचला नाही. भोसकणारा त्याच तालुक्याच्या तुरुंगात होता. एका रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर आमच्या कामाचं कौतुक केलं. उपासना सुटल्यावर बाहेर चपला घालताना ती माझ्याजवळ आली.

"तुम्ही त्याला पाय पसरायला जागा मागताय," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "माझ्या पोराला साडेतीन हात मिळाली. त्याला वळता येतं का, विचारलं का कुणी?"

मी तिचा हात धरायला गेले, तिनं सोडवून घेतला. पुढच्या रविवारपासून ती मागच्या बाकावर बसू लागली. मी तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, चहा केला. मुलाचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडं दोघींनीही बघायचं टाळलं. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "तिकडं जाता तेव्हा तो दिसतो का?"

"मला ओळखू येत नाही कोण कुठला."

"जेवतो का सगळं नीट?"

मी रिकामा कप बशीत ठेवला.

"त्यानं जेवू नये असं मला वाटतं," ती म्हणाली. "मग मी गुडघे टेकते, प्रभूची क्षमा मागते. उठले की परत तेच वाटतं."

मी कपबशी उचलून मोरीत ठेवली आणि घरी आले. तिला समजावण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, आजही नाही. मंगळवारी मी सतरंजीवर बसले ती मात्र जड मनानं. चाचांना सांगितलं तर ते बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. "उनका हक है," एवढंच म्हणाले.

दोन उन्हाळे असे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात पत्र्याखाली आणखी दोघांना उन्हाची बाधा झाली, त्यातला एक दवाखान्यातून परत आला नाही. यावेळी बातमी मोठी झाली. वरून पाहणीला लोक आले, मोजमाप झालं, फोटो निघाले. पावसाळा संपता संपता पाळकसाहेबांचा फोन आला. "बाई, प्रभूनं ऐकलं. तुरुंग बंद करायचा आदेश निघाला."

मी रडले, हे खरं आहे. ताईंच्या विहारात आम्ही सगळे जमलो. पेढे वाटले. चाचांनी वर हात करून दुआ मागितली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, बायांनी वंदना म्हटली. पेपरवाल्यांनी सगळ्यांना एका ओळीत उभं करून फोटो काढला. ताई तेवढ्यात मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "आदेशात जामिनाचं काही आहे का हो?" मी म्हटलं, "असेल की. बघू." आम्ही कुणीच आदेश नीट वाचलेला नव्हता. बंद हा शब्द ऐकला आणि आमचे कान भरून गेले.

त्या मंगळवारी आम्ही तालुक्याला गेलो नाही. काम झालं होतं, मग कशाला जायचं?

मावशी गेली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. फडक्यात भाकरी बांधून ती नेहमीसारखी आली तर फाटकाला कुलूप, आत सामसूम. कचेरीतल्या शिपायानं सांगितलं, गाड्या आल्या, सगळ्यांना भरून नेलं. कुठं? तर काही हर्सूलला, उरलेले दुसऱ्या जिल्ह्यांत, जिथं जागा मिळाली तिथं. कोण कुठं, ते त्याला माहीत नव्हतं.

ती माझं घर हुडकत आली. पुंडलिकनगर एवढंच तिला ठाऊक होतं. "चर्चवाली मास्तरीण" म्हणून विचारत विचारत दुपारी दारात येऊन उभी राहिली. खुर्ची दिली तर बसली नाही, उंबऱ्यालगत खाली बसली. पाणी प्याली.

"लई चांगलं काम केलं म्हनत्यात तुम्ही," ती म्हणाली. "गावात पेपर आलता. सरपंचानं वाचून दाखवला."

तिनं रिकामा तांब्या खाली ठेवला.

"बाई, माझं पोरगं कुठं ठिवलं तुम्ही?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तुम्हीच हलवलंय तर तुम्हाला माहीत असणार, इतकं सरळ तिनं विचारलं होतं. मी लगेच चाचांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत ताई, चाचा आणि मी तिघांनी मिळून दहा ठिकाणी विचारलं. हर्सूलला तो नव्हता. चार-पाच दिवसांनी कळलं, दोन जिल्हे पलीकडच्या तुरुंगात आहे. मावशीच्या गावाहून तिथं जायचं तर आधी तालुक्याला, मग शहरात यायचं, मग पहाटेची लांबची गाडी. एका दिवसात जाऊन येणं शक्य नाही.

चाचा तिला एकदा घेऊन गेले. स्टँडवरच्या बाकड्यावर रात्र काढली, सकाळी तुरुंगाच्या दारात गेले. मावशीकडं ओळखपत्र होतं, पण त्यावरचं नाव आणि मुलाच्या कागदावरचं आईचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. भेट मिळाली नाही. परत आल्यावर चाचा आजारी पडले. दम्याचा त्रास त्यांना आधीपासूनच होता, त्या प्रवासानंतर तो वाढला.

मी पाळकसाहेबांना सांगितलं की आता खरं काम सुरू झालंय, लोक हवेत. त्यांनी रविवारी घोषणा केली. एकही हात वर आला नाही. लोक वाईट नव्हते. त्यांच्या दृष्टीनं एक गोष्ट सुरू झाली होती आणि चांगल्या रीतीनं संपली होती. मशिदीतले लोक रमजानच्या तयारीला लागले. विहारात बांधकाम निघालं. उरलो तिघंच, पहिल्यासारखे.

ताईंनी कुठून तरी माहिती काढली की तुरुंगातल्या माणसाशी मोबाइलवर व्हिडिओनं भेट घेता येते, आधी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते. ओळखपत्रावरचं अक्षर दुरुस्त करण्यात बरेच महिने गेले. मग माझ्या मोबाइलवर वेळ मिळाली. मावशी आदल्या दिवशीच येऊन राहिली. सकाळी तिनं अंघोळ केली, माझ्या आरशात बघून कुंकू लावलं आणि मोबाइलसमोर मांडी घालून बसली. मी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता.

आधी नुसतं पांढरं दिसलं, मग तो दिसला. डोकं भादरलेलं.

"केस कुठं गेले रं?" मावशीचा पहिला प्रश्न.

"काढले. उवा झाल्त्या."

"जेवला का?"

"व्हय. म्हस कशीय?"

"इकली."

तो काही बोलला नाही. मावशीही बोलेना. मी मागून हळूच म्हटलं, "बोला की, वेळ थोडा आहे." तिनं हात पुढं केला आणि त्याच्या गालावरून बोट फिरवावं तसं काचेवरून फिरवलं. ते खालच्या लाल खुणेला लागलं आणि पडदा काळा झाला.

"कुठं गेला?" तिनं माझ्याकडं बघितलं.

मी पुन्हा पुन्हा जोडून पाहिलं. वेळ संपली होती. मावशीनं मोबाइल उचलून उलटा करून बघितला, पुन्हा तांब्याला टेकवून ठेवला आणि दुपारपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. मी स्वयंपाक केला तो तसाच राहिला.

ताईंच्या ओळखीतल्या एका तरुण वकिलानं त्याची केस फुकट घेतली. तारखा पडत गेल्या. आरोपीला आणायला पोलिसांची गाडी नाही म्हणून कितीदा तरी तो कोर्टात आलाच नाही. शेवटी एकदाचा खटला उभा राहिला तेव्हा ज्याची केबल गेली त्यानं कोर्टात सांगितलं की मी चोराला बघितलं नव्हतं, पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली. मुलगा निर्दोष सुटला. तोवर चौथं वर्ष सरत आलं होतं.

काही दिवसांनी मावशी त्याला घेऊन माझ्याकडं आली. मोबाइलवर तो तिशीचा वाटला होता, पण समोर चाळिशीचा दिसत होता. आईसारखाच उंबऱ्याजवळ बसला, पाठ चौकटीला टेकवून. मावशी आत, भेटायला आलेल्या ताईंशी बोलत होती. तो अंगणाकडं बघत म्हणाला, "ती जेल बंद करा म्हनून तुम्हीच बसायचे ना झाडाखाली?"

"हो."

"आम्हाला आतून तुमची सतरंजी दिसायची. थोडीशी. निळी."

मी त्याच्याजवळ खाली बसले.

"जागा वाईटच व्हती. त्ये काय खोटं नाय. तुम्ही यायच्या आधी माझ्या शेजारचा एक आतच मेला तव्हा मी त्याला सकाळपर्यंत टेकून व्हतो, मला कळलंच नाय. पर मंगळवारी आई दिसायची. तिकडं नेलं, तिथं झोपायला जागा भेटली. मी हातपाय पसरून पडायचो आन् वाटायचं, आता आपून कुठं हावोत ह्ये कुनालाच म्हायती नाय."

"आम्ही सोडा असंही म्हटलं होतं," मी म्हटलं. म्हणताना मलाच ते फोल वाटलं. "दोन्ही म्हटलं होतं."

"असंल," तो म्हणाला. "आमाला बंद झाल्याचंच कळलं."

त्याला गावात कुणी कामाला घेईना. वाळूजला एका गोदामात माल उतरवायचं काम मिळालं, तिकडंच एका खोलीत चौघांत राहतो. मावशी गावात एकटी आहे. आता तिला रानात वाकवत नाही. मुलगा महिन्यातून एकदा येतो. तिनंच मला सांगितलं, की घरात अंथरूण घातलं तरी तो दाराबाहेर, भिंतीला चिकटून झोपतो. "हाक मारली तर म्हनतो, इथं बरंय." मी विचारलं, बोलतो का तिथलं काही? ती म्हणाली, "म्या इचारत नाय. त्यो सांगत नाय."

बंद झालेल्या तुरुंगात आता निवडणुकीचं सामान ठेवतात. आमचे पाळकसाहेब बदलून गेले, नवे आले. मागच्या बाकावर बसणारी ती बाई नाशिकला बहिणीकडं राहायला गेली. जाताना मला भेटली नाही.

आणि मागच्या हिवाळ्यात नव्या पाळकसाहेबांकडं निमंत्रण आलं. तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेच्या बाजूला, मोठा नवीन तुरुंग बांधायचा ठरला होता. जुना बंद केल्यामुळं गरज निर्माण झाली, असं निमंत्रण घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं. भूमिपूजनाला सर्वधर्म प्रार्थना ठेवली होती. "ज्यांच्या प्रयत्नांमुळं हे घडलं त्यांना खास बोलावलंय," तो म्हणाला.

ताईंनी साफ नाही म्हटलं. चाचा तर आता घराबाहेर पडतच नाहीत, त्यांच्या मुलानं फोनवर कळवलं, अब्बांनी नाही सांगितलंय. मी गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. आपल्या हातून निघालेली गोष्ट कुठवर जाते ते बघावं असं काहीसं वाटलं.

ज्वारी काढलेलं मोकळं रान होतं. मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर. भटजींनी मंत्र म्हटले, दुसऱ्या मशिदीचे मौलाना बोलले, भंतेजींनी वंदना घेतली. मग आमचे नवे पाळकसाहेब उठले. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांनी या वास्तूत येणाऱ्या प्रत्येक जीवाला सुधारण्याची बुद्धी दे, अशी प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. मंडपापलीकडं जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखल्या होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, पार बांधापर्यंत. वाऱ्यानं फक्की थोडी थोडी उडत होती. प्रार्थना संपली आणि माझ्या तोंडून सवयीनं "आमेन" निघून गेलं.

एक अधिकारी मला ओळखून जवळ आले. "बाई, बघा, तुमचं म्हणणं आम्ही मनावर घेतलं. इथं प्रत्येकाला झोपायला पुरेशी जागा असेल."

"जामिनाचं काय?" मी विचारलं.

"तो कोर्टाचा विषय," ते म्हणाले आणि नमस्कार करून पुढं गेले.

हायवेपर्यंत मी चालत आले. एसटी तिथं थांबत नाही. बराच वेळ हात केल्यावर एक काळीपिवळी जीप थांबली. शहरात उतरल्यावर घरी न जाता चाचांकडं गेले. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, सून वाफ देऊन नुकतीच उठली होती. मी सगळं सांगितलं. मंत्र, दुआ, प्रार्थना, आखलेल्या खोल्या. आमेनचंही सांगितलं. 

श्वास सावरून त्यांनी विचारलं, "रास्ता कैसा है? माँ लोग कैसे जाएंगे? बस है?"

"नाही. हायवेवर गाडी थांबत नाही. तिथून आत पुष्कळ चालावं लागतं. सावली नाही."

ते खिडकीकडं बघत राहिले. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा गाडा लागला होता, त्याची आरोळी वर येत होती.

"तर मग बाई," ते म्हणाले, "बस थांबवा म्हणून अर्ज करावा लागंल आपल्याला."

मी हो म्हटलं. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो आम्ही प्यालो. त्याला आता सहा महिने होत आले. तिकडं कंपाउंडची भिंत उभी राहिल्याचं परवा ताईंनी सांगितलं. तो अर्ज मी अजून लिहिलेला नाही.